लाल पान आलं तर

मला माणसांचा राग लवकर येतो, यंत्रांचा येत नाही. यंत्र बिघडलं तर त्याला कारण असतं, ते शोधलं की सापडतं, आणि सापडल्यावर यंत्र रुसून बसत नाही. बदलापूरच्या घरी नवऱ्याला हे मी इतक्या वेळा ऐकवलंय की त्याला ते पाठ झालंय. गेल्या वर्षी वांगणीला जे झालं, तेव्हापासून मात्र हे वाक्य मी तोंडातून काढत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या लहान धंद्यांचे सर्व्हर मी सांभाळते. अंबरनाथच्या एमआयडीसीतले दोन कारखाने, बदलापुरातली एक शाळा, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे उल्हासनगरची रक्त तपासणीची एक लॅब. लॅबच्या मालकांना सगळे सेठ म्हणतात, मीही म्हणते. त्यांची तीन छोटी सेंटरं आहेत, अंबरनाथ, बदलापूर आणि वांगणी. तिथे फक्त रक्त काढायचं, नळ्या बर्फाच्या पेटीतून उल्हासनगरला पाठवायच्या, आणि पेशंटचं नाव, फोन नंबर, तपासणी हे लॅबच्या वेबसाइटवर भरायचं. ती वेबसाइट सेठच्या केबिनमागच्या कोंदट खोलीतल्या सर्व्हरवर चालते. तो सर्व्हर मी बसवला.

वेबसाइट उघडताना ब्राउझर आधी तिचा दाखला तपासतो. हे समजावताना मी नेहमी माझ्या काकांचं उदाहरण देते. बारवी धरणाच्या अंगाला माझं माहेर. पाड्यात अनोळखी माणूस शिरला की काका ओट्यावरूनच विचारायचे, "कोनाचा रं तू?" नाव विचारायचे नाहीत, नाव काय, कोणीही काहीही सांगेल. अमक्याचा जावई, तमक्याचा भाचा असं ऐकत ऐकत ते आपल्या माहितीतल्या एखाद्या माणसापर्यंत पोचले की मगच पाण्याचा तांब्या बाहेर यायचा. ब्राउझर तेच करतो. हा दाखला कोणी दिला, देणाऱ्याला अधिकार कोणी दिला, असं वर वर जात तो ओळखीच्या नावापर्यंत पोचतो. शिवाय दाखल्यावरचं नाव आणि समोरची वेबसाइट एकच आहे ना, आणि दाखल्याची मुदत चालू आहे ना, हेही बघतो. तिन्हींपैकी कुठेही खोट निघाली की सबंध लाल पान समोर येतं: हे ठिकाण सुरक्षित नाही. खाली बारीक अक्षरात एक पळवाटही असते, 'तरीही पुढे जा'.

दसरा होऊन पंधरवडा झाला असेल, वांगणीच्या पेशंटना फोन यायला लागले. बोलणारा नाव, वय, कोणती तपासणी केली, सगळं बरोबर सांगायचा आणि मग म्हणायचा, रिपोर्टमध्ये मोठा आजार दिसतोय, पाठवलेली लिंक लगेच उघडा. एका म्हाताऱ्या बाबांनी तर धसका घेऊन दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. त्यांच्या अंगात फक्त रक्त कमी होतं.

वांगणीचं सेंटर एकच बाई चालवतात. मी त्यांना ताई म्हणते. पन्नाशीच्या, तिथल्याच शेतकरी घरातल्या, नवरा नाही, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तान्ह्या पोराची शीरसुद्धा त्यांना पहिल्या टोचणीत सापडते, त्यामुळे आसपासच्या पाड्यांतून लोक त्यांच्याचकडे हात पुढे करायला येतात. सेठनी त्यांना उल्हासनगरला बोलावलं आणि सगळ्या स्टाफसमोर विचारलं, पेशंटचे नंबर कोणाला विकले. ताईंनी नाही म्हटलं. सेठ म्हणाले, चोर कधी हो म्हणतो का?

मी त्या वेळी तिथेच होते. गप्प उभी होते.

नंतर मी मागच्या खोलीत जाऊन सर्व्हर तपासला. आधी दाखला: देणारा ओळखीचा, नाव बरोबर, मुदत शिल्लक. मग नोंदवही उघडली. सर्व्हर दारात आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवतो. एका मंगळवारी सकाळी कोणीतरी परक्या ठिकाणाहून वांगणीच्या नावाने आत शिरून सगळी यादी घेऊन गेलं होतं. कुलूप तोडलेलं नव्हतं. पासवर्ड पहिल्या फटक्यात बरोबर पडला होता, म्हणजे तो कोणीतरी दिला होता, आणि वांगणीचा पासवर्ड एकट्या ताईंनाच माहीत होता.

सेठ दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, मला बाकी काही नको. एक पेज लिहून द्या. गलती कोणाची, बस. मी तिला छुट्टी देतो, विषय खतम."

लॅबमध्ये माझ्या शब्दाला किंमत होती. मी लिहीन तेच होणार होतं, हे मला ठाऊक होतं आणि ताईंनाही. चोर म्हणून काढलेल्या बाईपुढे वांगणीत कोण बाही वर करणार? तरीही मला राग आला तो ताईंचाच. मी इतकं नीट बसवून दिलेलं, आणि यांनी पासवर्ड वाटून टाकला. अडाणीपणाला औषध नाही, असं मी पुटपुटलेही. ते आठवलं की आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरने वांगणीला निघाले. सेंटर सुरू होऊन सहा वर्षं झाली आणि मी तिथे पहिल्यांदाच चालले होते, याचंही मला तेव्हा काही वाटलं नाही. तिथला कंप्युटर मी उल्हासनगरलाच तयार करून गाडीने पाठवला होता. ताईंची ओळख झाली तीही ट्रेनिंगला त्या उल्हासनगरला आल्या तेव्हा.

स्टेशनरोडला एका गाळ्यात सेंटर आहे. बाहेर बाकडं. एरवी सकाळी त्यावर बसायला जागा नसते म्हणे. त्या दिवशी ते रिकामं होतं. ताई आत एकट्याच बसल्या होत्या. टेबल पुसून लख्ख केलेलं, नळ्या रंगाप्रमाणे लावलेल्या.

"आलात? बसा. पानी देऊ?"

मी बसले नाही. काय झालं ते विचारलं.

"लॅबच्या नावानं मेसेज आला. पासवर्ड बदलायचा हाय, ह्या लिंकवर जा. मी उघडली लिंक. लाल पान आलं. मंग पुढं गेले, पासवर्ड टाकला."

"लाल पान आलं तरी पुढे गेलात?" माझा आवाज चढला. शेजारच्या दुकानदाराने डोकावून पाहिलं.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. "ते तं रोजच येतंय की."

"रोज?"

"रोज सकाळी. आपलं पान उघडलं तरी येतं."

मी म्हटलं, चालू करा मशीन. त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण दाबलं, मग कंप्युटरचं. आमचीच वेबसाइट उघडली, मी स्वतः बसवलेली, कालच तपासलेली, आणि समोर आलं लालभडक पान.

आता राग बाजूला राहिला आणि मी कामाला लागले. नाव बघितलं, बरोबर. देणारा बघितला, एक एक पायरी वर ओळखीच्या नावापर्यंत पोचले. मुदत बघितली. ब्राउझर म्हणत होता, या दाखल्याची मुदत अजून सुरूच झालेली नाही. संपलेली मुदत मी शंभरदा पाहिलीय, सुरू न झालेली क्वचितच. तेव्हा कुठे माझं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यात गेलं. तिथे तारीख होती एक जानेवारी, आणि साल ते सेंटर उघडण्याच्याही आधीचं.

कंप्युटरच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो, मनगटी घड्याळात असतो तसा. वीज नसताना तो तारीख-वेळ धरून ठेवतो. या मशीनमधला सेल मेला होता, आणि तो पहिल्यापासूनच अधू असणार. वीज पूर्ण तुटली की मशीन सगळं विसरून एक जानेवारीला जाऊन बसायचं. बाकीच्या सेंटरांत भिंतीवरचं बटण कधी बंद होत नाही.

"ताई, बोर्डाचं बटण तुम्ही रोज बंद करता?"

"मंग? पावसाळ्यात ईज पडते इकडं. एकदा ह्या बाजूच्या दुकानातला टीव्ही गेला. सेठची वस्तू, आपन जपाया नको?"

मशीन जपण्यासाठी त्या रोज संध्याकाळी बटण बंद करत होत्या, आणि रोज सकाळी मशीन कित्येक वर्षं मागे जात होतं. रिपोर्टवर तारीख सर्व्हर टाकतो, नळ्यांवर ताई पेनाने लिहितात, म्हणून ही चूक कोणाला दिसलीच नाही. आणि ज्या यंत्राचं घड्याळ चुकलेलं आहे, त्याला प्रत्येकाचाच दाखला चुकीचा वाटतो, खऱ्याचाही आणि खोट्याचाही. त्या मंगळवारी चोराचं पान लाल आलं असेल, पण आमचंही लालच येत होतं. ताईंनी फरक करायचा तरी कशावरून?

माझ्या जिवाला आता लागलं होतं, आणि लागलं की मी आणखी चिडते. "अहो, रोज लाल पान येतं तर मला एक फोन का नाही केलात?"

"केला व्हता की," ताई हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

मशीनच्या वर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला एक कागद चिकटवला होता. निळ्या मार्करने लिहिलेला. अक्षर माझं.

'लाल पान आलं तर घाबरू नये. खाली बारीक अक्षरात 'तरीही पुढे जा' दिसेल, ते दाबावे. यासाठी मला फोन करू नये.' शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

मग सगळं आठवलं. सेंटर उघडलं त्या महिन्यात ओळीने पाच-सहा सकाळी फोन आला होता. मी डबे करत असायचे, फोन खांद्यात धरलेला, पोळी तव्यावर करपतेय, आणि पलीकडून तेच, "लाल पान आलंय." नवा दाखला मी नुकताच बसवला होता, त्याचंच काहीतरी असेल, होईल ठीक, असं मी धरून चालले. वांगणीला एक चक्कर टाकली असती तर तारीख दिसली असती. तो सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. पण एवढ्यासाठी कोण जाणार? मी चिडून तो कागद लिहिला, बदलापूरला लॅमिनेट केला आणि बर्फाच्या पेटीच्या गाडीतून पाठवून दिला. फोन बंद झाले. मी खूश.

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात कुंकवाचे सुकलेले ठिपके होते, एकाशेजारी एक. सहा. शेवटचा अजून ताजा लाल होता.

"दसऱ्याला मशीनची पूजा करते," ताई म्हणाल्या. "कागद पन मशीनचाच ना. मंग त्याला पन एक बोट लावते."

मी खाली बसले. मग विचारलं, "हा कागद तुम्ही सेठना का दाखवला नाहीत?"

"काल राती फोनवर मी त्यांना लिंकचं, लाल पानाचं सांगितलं, तवा त्यांनी इचारलं व्हतं, असं करायला कोनी शिकवलं. मी बोलले, माझ्याच डोक्यानं केलं."

"पण का?"

"मला तं चोर बोलून झालं व्हतं. तुमचं काम घालवून माझं नाव परत येनार व्हतं का?" मग त्यांनी नखाने चिकटपट्टी सोडवून कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "न्या. फाडून टाका. कोनाला कळनार नाय."

घरी येऊन मी ते एक पेज लिहायला बसले. 'वापरकर्त्याने सुरक्षेच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून अनोळखी पानावर पासवर्ड दिला.' वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. एक शब्द खोटा नव्हता. खोटं सांगणार नाही पण खरंही बाहेर पडू देणार नाही, असं लिहिणं मला किती सहज जमतं हे त्या संध्याकाळी कळलं. आणि भीतीही होती, ती लपवत नाही. आमच्या पट्ट्यात कामं तोंडी शिफारशीवर मिळतात आणि तोंडीच जातात. सेठ चार ठिकाणी बोलले असते तर कारखानेही गेले असते.

नवऱ्याने टेबलावरचा कागद उचलून उजेडात धरला. "हे कोणी लिहिलंय गं? फोन करू नये म्हणे. काय माजोरी बाई आहे."

"मी लिहिलंय," मी म्हटलं.

त्याने कागद खाली ठेवला आणि ताटं मांडायला आत गेला. मी पेजवरचं ते वाक्य खोडलं.

सकाळी सेठच्या टेबलावर मी आधी तो कागद ठेवला आणि मग पेज. सेठना मराठी वाचायला वेळ लागतो. ओठ हलवत त्यांनी तीन ओळी वाचल्या.

"ये तो आपका अक्षर आहे."

"हो."

मी सेलचं, तारखेचं, फोनचं सगळं सांगितलं. सेठचा चेहरा लाल होत गेला. "छह साल, मॅडम! एक सेलसाठी!" ते एवढ्याने ओरडले की बाहेर रक्त द्यायला बसलेले लोक वळून पाहायला लागले. त्यांचं बरोबर होतं. मग एकदम आवाज उतरला. "मी तिला सगळ्यांसमोर चोर बोललो."

"आणि मी बोलू दिलं," मी म्हटलं. "आता सगळ्यांसमोरच सांगावं लागेल. तुम्ही तुमचं, मी माझं."

सेठनी मला तिथल्या तिथे सांगितलं की ते दुसरा माणूस बघतील, तोवर मी काम चालवावं. तिसऱ्या दिवशी मात्र ते स्वतः वांगणीला आले. बातमी फिरली होती, बाकड्याभोवती माणसं जमली होती. सेठ ताईंपुढे हात जोडून मोडक्या मराठीत म्हणाले, "ताई, माझी चूक झाली. तू चोर नाय." ताईंनी पदराने डोळे टिपले आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. मग मी बोलले. चोराला दार ताईंनी उघडलं, पण तसं उघडायला मी शिकवलं होतं, असं सरळ सांगून टाकलं.

दोन दिवस उपाशी राहिलेले ते बाबा काठी टेकत पुढे आले. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "कोनाची गं तू?"

मी माहेरचा पाडा सांगितला, काकांचं सांगितलं. बाबांना ओळख पटायला वेळ लागला नाही.

"त्यांची पुतनी तू?" ते म्हणाले. "मंग तुला कळाया पायजे व्हतं."

सेठ ओरडले तेव्हा मला काही झालं नव्हतं. या एका वाक्याने मला मान वर करता येईना.

त्याच दिवशी मी सेल बदलला, नवा ब्राउझर घातला, आणि भिंतीवर नवा कागद लावला. 'लाल पान आलं तर थांबावे. मला फोन करावा. कधीही.' ताईंनी तो दोनदा वाचला, आणि चिकटपट्टी स्वतः लावली.

सेठना दुसरा माणूस अजून मिळालेला नाही, किंवा ते शोधत नसतील. यंदा उन्हाळ्यात दाखल्याची मुदत संपत आली तेव्हा नवा मीच बसवला. संध्याकाळी काम झालं. उल्हासनगरला उघडलं, अंबरनाथ, बदलापूरलाही उघडलं. वांगणी तोवर बंद झालं होतं. सकाळी मी डबे करत होते आणि फोन वाजला.

"लाल पान आलंय," ताई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तीच जुनी तिडीक उठली. तव्यावर पोळी, घड्याळ पुढे चाललेलं. "तारीख बघा, ताई. सेल गेला असेल."

"तारीख बरोबर हाय. पयलं तेच बघितलं."

"बाकी सगळीकडे उघडतंय हो." पुढचे शब्द जिभेवर आले होते. आजच्या दिवस दाबून पुढे जा. मी दात आवळून ते गिळले.

"उघडत असंल. हितं नाय उघडत. बाकड्यावर नऊ मानसं उपाशीपोटी बसलीत, सगळ्यांना थांबवलंय. तुम्ही तुमचं काय चुकलंय का बघा आधी."

गॅस बंद केला आणि लॅपटॉप उघडला. चुकलं होतं. आमचा दाखला आणि ते ओळखीचं मोठं नाव, यांच्या मधला एक दाखला या वेळी बदलला होता, आणि तो सर्व्हरवर ठेवायला मी विसरले होते. काकांच्या भाषेत सांगायचं तर जावई दारात उभा आणि सासऱ्याचं नावच सांगत नाही. बाकीच्या मशीनांनी तो मधला दाखला पूर्वी कुठेतरी पाहिलेला होता, म्हणून त्यांनी मला सांभाळून घेतलं. वांगणीच्या ब्राउझरवर आमच्या पानाशिवाय दुसरं काही उघडत नाही, त्याने तो कधी पाहिला नव्हता. त्याने दार उघडलं नाही, आणि ताईंनीही नाही.

"ताई, चूक माझीच आहे. पाच मिनिटं द्या."

"घ्या. थांबतो आमी."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला असावा, कारण पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. बाकड्यावरून कोणीतरी कुरकुरलं, सकाळपासून पोटात चहा नाही, अजून किती वेळ? आणि लगेच त्या बाबांचा खणखणीत आवाज आला.

"ताई थांब बोलली ना? मंग थांबायचं."

माझे डोळे भरून आले होते, स्क्रीनवरची अक्षरं पुसट दिसत होती. मी बाहीने डोळे पुसले आणि तो मधला दाखला शोधायला लागले.